भिंतीवर फुललेलं आयुष्य

मे महिना आला की आमच्या आंबोलीत घराघरात एकच घाई असते. एकदा जूनचा पाऊस सुरू झाला की मग चार महिने धुकं आणि पाऊस, पाऊस आणि धुकं. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत आमचं गाव मोडतं, त्यामुळे लाकूडफाटा भरणं, कौलं नीट करणं, पापड-सांडगे वाळवणं आणि भिंतींना रंग काढणं हे सगळं त्याआधीच उरकावं लागतं.

त्यातल्या त्यात एका भिंतीवर आम्हा कोकणातल्या बायकांचा फार जीव. ती म्हणजे चवथीला गणपती जिथे बसतो त्याच्या पाठीमागची भिंत. वर माटवी बांधायची, तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळ, शेरवड, आंब्याचे टाळे लावायचे आणि मागची भिंत रंगवून सजवायची, ही आपली जुनी रीत. अलीकडे मात्र बऱ्याच घरांत ह्या भिंतीवर बाजारातून आणलेला चकचकीत पडदा लागतो. पडदा सोपा पडतो, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण आमच्या बचत गटात ह्या वर्षी विषय निघाला की माटवीला जी पानं-फुलं आपण बांधतो, तीच भिंतीवर छापाने उतरवली तर? रांगोळीचे छाप आपण वापरतोच, तसेच हे भिंतीचे छाप. रंग पातळ, पाण्यात विरघळल्यासारखा, म्हणजे धुक्यातून झाड दिसावं तसं पान दिसेल.

सगळ्यांना कल्पना आवडली. पान काढायला कुणाला बसवायचं यावरही एकमत झालं. आमच्या गटात एक वहिनी आहेत, त्यांच्यासारखी रांगोळी पंचक्रोशीत कुणाची नव्हती. पण गेली सात वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं वहिनींनीच केलं. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. आम्ही वहिनींना छापाचं विचारलं, तर त्यांनी हात झटकले. पंचेचाळिशी उलटली, बोटं आता वळत नाहीत, हे सगळं तरण्या मुलींनी करावं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी त्यांना जिची गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते. माझ्या मुलीने कॉलेजच्या एका प्रकल्पासाठी माहिती जमवली होती, त्यात मला ही बाई पहिल्यांदा भेटली. तिचं नाव मारियन नॉर्थ.

मारियनचा जन्म 24 ऑक्टोबर 1830 चा, इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावातला. वडील फ्रेडरिक नॉर्थ हे पार्लमेंटचे सभासद. घरी पैसा-अडका, नोकर-चाकर भरपूर. पण त्या काळी श्रीमंताघरच्या मुलींनाही कॉलेजचं शिक्षण नव्हतं. थोडं गाणं, थोडी चित्रकला आली की लग्नाला मुलगी तयार. मारियनला गाण्याचा नाद होता, त्यासाठी तिने मेहनतही घेतली. पण पुढे आवाजाने साथ सोडली आणि गाणं सुटलं. मग तिने फुलांची चित्रं काढायला घेतली. एका डच बाईंकडे आणि नंतर आणखी एका चित्रकाराकडे थोडे दिवस शिकली, तेवढंच काय ते शिक्षण. सुरुवात जलरंगांपासून झाली.

1855 साली तिची आई वारली. जाण्याआधी आईने तिच्याकडून वचन घेतलं की वडिलांना कधी एकटं सोडायचं नाही. मारियन तेव्हा 24 वर्षांची होती. तिने ते वचन पुढची चौदा वर्षं पाळलं. घर सांभाळलं, वडिलांच्या पाहुण्यांची उठबस केली, वडील प्रवासाला निघाले की त्यांच्याबरोबर गेली. जिथे जाईल तिथे चित्रांची वही बरोबर असायची. वडिलांवर तिचा जीव होता, त्यामुळे हे तिने रडतकढत केलं असं नाही. पण स्वतःचं म्हणून जे काही होतं, ते ह्या सगळ्यातून उरलेल्या वेळात.

ह्याच काळात, 1856 च्या सुमारास, एक छोटी गोष्ट घडली. लंडनजवळ क्यू नावाची जगप्रसिद्ध वनस्पतिबाग आहे. तिथल्या प्रमुखांनी, सर विल्यम हूकर यांनी, मारियनला एका झाडाचा फुलांचा झुबका हातात दिला. ते झाड होतं ब्रह्मदेशातलं. आपल्याकडे त्याला उर्वशी म्हणतात, लाल फुलांचे लांब झुंबरासारखे घोस त्याला लटकतात. थंड देशातल्या काचघरात फुललेला तो घोस पाहून मारियनच्या मनाने घेतलं की हे झाड जिथे आपणहून उगवतं तो देश बघायचा. पण बघायला जायचं कसं? वचन होतं. तिने ती इच्छा मनात ठेवून दिली. आपल्यापैकी किती जणींनी असं काहीतरी मनात ठेवून दिलं असेल, तुम्हीच आठवा.

1867 च्या हिवाळ्यात त्यांच्या घरी एक ऑस्ट्रेलियन चित्रकार उतरला होता. त्याने तिला तैलरंग शिकवले. तेव्हा ती 37 वर्षांची होती. तैलरंगांची तिला अशी गोडी लागली की मग जलरंगांकडे ती फारशी वळलीच नाही.

1869 साली आल्प्स पर्वतात फिरताना वडील आजारी पडले. मारियनने त्यांना घरी आणलं, सेवा केली, पण ऑक्टोबरमध्ये ते गेले. मारियन तेव्हा नुकतीच 39 वर्षांची झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ-बहीण आपापल्या संसारात होते. ज्याच्याभोवती तिचा दिवस उगवायचा आणि मावळायचा, तो माणूसच उरला नव्हता. जिने वर्षानुवर्षं कुणाचं तरी केलं आहे तिलाच कळेल की असं मोकळं होणं सुखाचं नसतं. सकाळी उठून काय करायचं हेच कळत नाही. मारियनलाही ते घर नकोसं झालं. तिने हेस्टिंग्जचं घर सोडलं, लंडनमध्ये एक लहान जागा घेतली आणि रंगांची पेटी उघडली.

1871 मध्ये ती अमेरिकेला निघाली आणि तिथून जमैका बेटावर गेली. तिथे एका ओसाड पडलेल्या जुन्या बागेतलं घर तिने भाड्याने घेतलं आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत चित्रं काढली. पुढच्या वर्षी ब्राझील. मग कॅलिफोर्नियातले प्रचंड वृक्ष, जपान, बोर्निओ, जावा, श्रीलंका. जपानच्या थंडीत तिला सांधेदुखीचा ताप भरला, अंग आखडलं, तरी बरी होऊन ती पुढेच गेली. बाईने एकटीने परगावी जाणंसुद्धा लोकांच्या डोळ्यावर येण्याचे ते दिवस.

1877 च्या अखेरीस ती आपल्या देशात आली. दक्षिणेत तुतिकोरीनला उतरली आणि पुढे साधारण सव्वा वर्ष हिंदुस्थानात फिरली, थेट हिमालयात दार्जिलिंगपर्यंत. एवढ्या काळात तिने दोनशेच्या वर चित्रं काढली. तंजावरला तिला डॉ. बर्नेल भेटले. हे तिथले न्यायाधीश, आणि संस्कृतचे मोठे अभ्यासक. आपल्या भोसले राजांच्या तंजावरच्या वाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची यादी त्यांनीच केली. आपण कोणती झाडं पवित्र मानतो हे त्यांनी मारियनला सांगितलं आणि ती झाडं ती शोधून शोधून काढू लागली. मला ह्याचं फार अप्रूप वाटतं. आपण रोज ज्यांची पानं-फुलं खुडून देवाला वाहतो, ती झाडं नीट बघायला एक परकी बाई समुद्र ओलांडून आली.

तिच्या चित्रांची एक खासियत होती. तेव्हाचे वनस्पतींचे चित्रकार एक फांदी तोडून पांढऱ्या कागदावर तेवढीच काढत. मारियन झाड जिथे उभं असेल तिथेच जाऊन बसायची. मागचा डोंगर, खालचं गवत, फुलावर आलेलं पाखरू, सगळं चित्रात घ्यायची. रंगीत फोटो नव्हते तेव्हा. इंग्लंडमधल्या लोकांना ती झाडं आपल्या मातीत कशी दिसतात हे पहिल्यांदा कळलं ते अशा चित्रांतून.

इंग्लंडला परतल्यावर 1879 मध्ये तिने लंडनला जागा भाड्याने घेऊन प्रदर्शन भरवलं. लोकांनी गर्दी केली. मग तिला वाटलं, ही चित्रं एकत्र राहिली पाहिजेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका स्टेशनवर तिची गाडी चुकली. पुढची गाडी येईपर्यंत बसून तिने क्यूच्या बागेच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. तेव्हा तिथे विल्यम हूकर यांचे चिरंजीव सर जोसेफ हूकर होते. तिने लिहिलं की माझी सगळी चित्रं मी बागेला देते, ती लावायला इमारतही माझ्या खर्चाने बांधून देते. फक्त तिथे येणाऱ्या दमल्याभागल्या लोकांना चहा-कॉफी मिळावी अशी तिची इच्छा होती. हूकर यांनी चित्रं आणि इमारत आनंदाने स्वीकारली, चहा-कॉफीला मात्र नकार दिला. मारियनने वाद घातला नाही. इमारत तयार झाल्यावर तिने दरवाजांच्या वर स्वतःच्या हाताने चहाचं आणि कॉफीचं झुडूप रंगवून ठेवलं! हे वाचून मी एकटीच हसत बसले होते. नाही म्हणणाऱ्याला असं उत्तर देणं फक्त बाईलाच सुचतं.

इमारतीचं काम सुरू असतानाच, 1880 साली, ती थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांना भेटली. ऑस्ट्रेलियातली झाडं जगापेक्षा वेगळी आहेत, ती पाहिल्याशिवाय तुमचं काम पुरं होणार नाही, असं त्यांनी सुचवलं. पन्नाशीला आलेली ही बाई लगेच ऑस्ट्रेलियाला निघाली. तिथून न्यूझीलंडही केलं. परत आल्यावर पुढचं सगळं वर्ष तिने त्या इमारतीत घालवलं. चित्रं फ्रेमला फ्रेम भिडवून, देशादेशांप्रमाणे स्वतः लावली. चित्रांच्या खाली चारी बाजूंनी प्रवासातून आणलेल्या लाकडांच्या 246 जातींच्या फळ्या बसवल्या. दारांच्या भोवतीची नक्षीही तिनेच रंगवली. 1882 साली ती चित्रशाळा लोकांसाठी उघडली. नंतरची भर धरून आज तिथे आठशेच्या वर चित्रं आहेत, नऊशेहून जास्त जातींची झाडं आहेत. जमिनीपासून वरपर्यंत भिंत म्हणून कुठे रिकामी दिसत नाही.

त्यानंतरही ती दक्षिण आफ्रिकेला गेली, सेशेल्स बेटांवर गेली, 1884-85 मध्ये चिलीला गेली. पण शरीर थकलं होतं. कान नीट ऐकत नव्हते, त्यात मनावरही ताण येऊ लागला होता. शेवटी एका खेड्यात घर घेऊन, स्वतःची बाग लावून ती राहिली. 30 ऑगस्ट 1890 रोजी, वयाच्या साठीच्या आत, ती गेली. तिने लिहून ठेवलेल्या आठवणी तिच्या बहिणीने 1892 मध्ये छापल्या. बोर्निओतली एक भलीमोठी घटपर्णी, जी तिच्या चित्रामुळे अभ्यासकांना कळली, तिला मारियनचंच नाव दिलेलं आहे. आणखीही काही झाडं तिच्या नावाने ओळखली जातात.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर गोष्ट अर्धवट राहील. मारियनकडे पैसा होता. इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे जिथे जाईल तिथे साहेबांच्या बंगल्यांची दारं उघडी होती. तिचं सामान ज्यांनी डोंगरावर वाहून नेलं, ज्यांनी तिला रानातली वाट दाखवली, त्यांची नावं त्या भिंतीवर नाहीत. आपल्या पुण्याजवळ दापोडीलाही तिच्या आधी, 1840 च्या दशकाच्या शेवटी, सरकारी बाग होती. तिथले डॉ. गिब्सन यांनी इथल्याच एका चित्रकाराकडून झाडांची फार सुंदर जलरंगातली चित्रं करून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या बागेत जपून ठेवली आहेत. गिब्सनसाहेबांचं नाव आहे, चित्रकाराचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा काम करणाऱ्याचं नाव राहीलच असं नाही. म्हणून तर मारियनने आपली भिंत आपण बांधली, हे मला महत्त्वाचं वाटतं. कुणी तरी आपली चित्रं कधी तरी लावील म्हणून ती वाट पाहत बसली नाही.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पदरात चार फणसाची पानं, एक नेचा आणि तेरड्याच्या जुन्या रांगोळीचा कागद घेऊन आल्या. आमचं काम सुरू झालं. ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी कृती सांगते.

आधी भिंत. ओल असलेल्या भिंतीवर काहीही टिकत नाही, हे आंबोलीकरांना वेगळं सांगायला नको. पोपडे खरवडून काढा, पुट्टी लावा, कोरडी झाली की घासून प्रायमर मारा आणि वर पांढरा किंवा फिकट साईच्या रंगाचा इमल्शन द्या. चुन्याच्या भिंतीवर रंग हाताला येतो, तिथे हा खटाटोप करू नका. भिंत दोन दिवस पूर्ण वाळू द्या.

छापासाठी घरातले जुने एक्स-रे कामाला येतात. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवले की वरचा काळा थर घासून निघतो आणि स्वच्छ पारदर्शक कागद मिळतो. हातमोजे घाला आणि ते पाणी झाडांना घालू नका. खरं पान कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवा, ते एक्स-रेखाली ठेवून कटरने कापा. मधली शीर कापताना थोडे सांधे राखा, नाहीतर छाप सुटा होतो. सगळी पानं एकाच मापाची करू नका, दोन मोठी, दोन लहान असू द्या.

रंगासाठी तोच पांढरा इमल्शन वाटीत घेऊन त्यात हिरव्या, पिवळ्या, निळ्या स्टेनरचे थेंब घाला आणि पाण्याने पातळ करा. छाप कागदी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा. स्पंजचा तुकडा रंगात टेकवून आधी वर्तमानपत्रावर टिपून घ्या. स्पंज जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे, नाहीतर रंग छापाखाली शिरतो. कडेकडून आत टिपत या. रंग ओला असतानाच ओलसर मलमलीच्या कापडाने मधोमध हलकेच दाबा, तिथला रंग उचलला जातो आणि कडेला गडद राहतो. हाच तो जलरंगाचा भास. वाळल्यावर दुसरं पान थोडं पहिल्यावर चढवा, जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथे सावली पडल्यासारखी वाटते. आधी पुठ्ठ्यावर दोन-तीनदा करून बघा. आणि पूर्ण भिंत भरायची गरज नाही. खालून वर चढत गेलेली पानं आणि वर मोकळी जागा, एवढं पुरतं.

एक विनंती मात्र आहे. छापासाठी रानातली अमरी किंवा दुर्मीळ फुलं तोडून आणू नका. आमच्या रानात जे आहे ते जगात फार थोड्या ठिकाणी आहे. मारियनसारखं झाडाजवळ जाऊन बसा आणि तिथेच कागदावर काढून घ्या.

वहिनींनी पहिल्या दिवशी तीन पानं बिघडवली आणि पुसून टाकली. चौथं नीट उमटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी छाप बाजूला ठेवला आणि मधल्या रिकाम्या जागेत हाताने तेरड्याची फुलं काढली. बोटं छान वळत होती. भिंत पुरी झाल्यावर मी त्यांना खाली कोपऱ्यात नाव लिहायला सांगितलं. त्या लाजल्या, गणपतीच्या भिंतीवर आपलं नाव कसलं, म्हणाल्या. पण मग पिंपळाच्या एका लहानशा पानाच्या देठाजवळ, बारीक अक्षरात, लिहिलं.

चवथीला वर माटवी बांधली जाईल, समया लागतील आणि ते नाव बहुधा कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ते तिथे आहे. तुमच्याही घरात एखादी भिंत रिकामी असेल, नाही का?